हमालाचे पोते, पाण्याची वीज आणि बाबासाहेब

मार्केट यार्डातल्या कांदा-बटाटा विभागात पहाटे चारपासून ट्रक लागतात. आमचे छोटेसे कार्यालय गुलटेकडीलाच असल्यामुळे आणि आमचे निम्मे पक्षकार हमाल व तोलणार असल्यामुळे यार्डातल्या चहाच्या टपरीवर आमचे बसणे-उठणे नेहमीचे. १९६९ च्या माथाडी कायद्याखालची प्रकरणे, अपघाताची भरपाई, कुणाच्या मुलाचे जातपडताळणीचे कागद, असे सगळे त्या टपरीवरच आधी बोलले जाते आणि मग फाईल उघडली जाते.

मागे एका जयंतीला यार्डाच्या बाहेर एक भला मोठा फलक लागला होता. भाक्रा-नांगल, दामोदर, हिराकुड ही सगळी धरणे विश्वरत्न बाबासाहेबांनी बांधली, असे त्यावर ठळक अक्षरांत छापलेले होते. आमच्या ओळखीचे एक वयस्क हमाल त्या फलकाखाली बराच वेळ उभे राहिले आणि टपरीवर येऊन त्यांनी आम्हाला एक प्रश्न विचारला. ते पानशेत धरणाच्या मागच्या खोऱ्यातले. घराण्याची थोडीशी वतनी जमीन आणि राहते घर धरणाच्या पाण्यात गेले, म्हणून वडील पोराबाळांसह पुण्यात आले आणि पाठीवर पोते घेतले. त्यांचे म्हणणे असे, की धरणे जर बाबासाहेबांनी बांधली असतील, तर आमची जमीन बुडाली ती कुणाच्या नावावर लिहायची?

वाचक हो, प्रश्न भाबडा नव्हता. ज्या माणसाच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे रोज मेणबत्ती लागते, त्याने तो विचारलेला होता. फलक लावणाऱ्यांनी उत्साहात जे लिहिले त्याची किंमत अशी मोजावी लागते. आम्ही वकिलीच्या सवयीने सांगितले की आधी दप्तर पाहू, मग बोलू. महाराष्ट्र शासनाने छापलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा दहावा खंड व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातल्या त्यांच्या कारकिर्दीचा आहे. जयंतीच्या मिरवणुकीत तो खंड डोक्यावर घेणारे पुष्कळ, उघडणारे थोडे. आम्हीही वकील होऊन दहा वर्षे झाल्यावर तो पहिल्यांदा नीट वाचला, हे कबूल करतो.

पण दहाव्या खंडाच्या आधीही गोष्ट आहे. १८९१ च्या १४ एप्रिलला महूला जन्मलेले भीमराव साताऱ्यात वाढले. १९०१ च्या सुमारास वडील गोरेगावला खजिनदाराच्या कामावर असताना ही मुले त्यांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली, जात कळल्यावर गाडीवान मिळेना, दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून प्रवास झाला. बरोबर भाकरी होती, पण पाणी कुणी दिले नाही. हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. आम्ही तो इथे एवढ्याचसाठी सांगतो, की पुढे देशातल्या नद्यांच्या पाण्याचा हिशेब ज्या टेबलावर मांडला गेला त्या टेबलाच्या मुख्य खुर्चीवर हाच मुलगा बसला होता.

पुढे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत आले. एका खोलीत सगळा संसार आणि अभ्यास तेलाच्या दिव्यावर. त्याच परळ-लालबागच्या गिरण्यांत त्या वेळी कोळशावर वाफेची इंजिने चालत. १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि गिरण्यांना वीज मिळू लागली. बाबासाहेब तेव्हा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

खोपोलीत काय होते ते जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्या हमाल मित्रांना विजेची गोष्ट याच वाटेने समजली. लोणावळा, वळवण, शिरवता या घाटमाथ्यावरच्या तळ्यांचे पाणी मोठ्या नळांतून सुमारे सतराशे फूट खाली आणतात. खाली नळाचे तोंड निमुळते करून पाण्याचा झोत एका चाकाच्या कडेवर मारतात. त्या कडेला जोडवाट्यांसारख्या वाट्या बसवलेल्या असतात. झोत मधल्या धारेवर आपटून दोन बाजूंना वळतो आणि आपला सगळा जोर चाकाला देऊन निमूट खाली पडतो. हे पेल्टन चाक. पाणी थोडे आणि उंची फार असेल तिथे ते लागते. पाणी आणि उंची दोन्ही मध्यम असतील तिथे फ्रान्सिस टर्बाइन बसवतात. कालव्यासारखे पाणी भरपूर पण उतार चार-सहा मीटरच असेल, तर जहाजाच्या पंख्यासारखे कॅप्लन. सूत्र एकच आहे, पाणी गुणिले उंची. सेकंदाला एक हजार लिटर पाणी दहा मीटरवरून पडले, तर टर्बाइन-जनित्राची तूट वजा जाता साधारण ८० किलोवॉट वीज हाती येते.

हे आकडे ऐकून टपरीवर कुणाला काही कळेना. मग आम्ही पोत्याचा हिशेब मांडला. जुन्या हमालांनी शंभर किलोचे पोते उचललेले आहे. ते जमिनीवरून दीड मीटर उंच, म्हणजे पाठीवर, घ्यायला जेवढे काम पडते तेवढे काम सुमारे २,४५० वेळा केले की विजेचे एक युनिट होते. एक युनिट! ज्याचे आपण बिलात काही रुपये देतो ते. पानशेतच्या पायथ्याला ८ मेगावॉटचे छोटे वीजघर आहे, वरसगावलाही तेवढेच. त्यातले एक यंत्र पूर्ण जोराने तासभर चालले, तर ८,००० युनिटे, म्हणजे शंभर किलोची सुमारे दोन कोटी पोती उचलल्याचे काम. टपरीवर क्षणभर कुणी बोलले नाही. माणसाच्या पाठीवरचे ओझे यंत्रावर टाकणे म्हणजे काय, हे त्यांना आमच्या भाषणाविना समजले होते.

आणि बाबासाहेबांनाही नेमके हेच दिसले होते. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे एकत्र करा असे सांगणाऱ्या तज्ज्ञांना त्यांनी वेगळेच उत्तर दिले. रोग जमिनीच्या आकारात नाही. जमिनीवर ज्यांना काम नाही अशी माणसे तिच्यावर बसून आहेत, त्यांना कारखान्यात काम द्या, मग शेतीही सुधारेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. कारखाना म्हटला की यंत्र आले आणि यंत्र म्हटले की शक्ती आली. १९४३ साली त्यांनी विजेबद्दल जे मांडले त्याचे बी या निबंधात आहे.

पण नुसती वीज आली की मुक्ती आली, असे मात्र त्यांनी कधी मानले नाही. परळच्या गिरण्यांत सह्याद्रीच्या पाण्याची वीज पोहोचली, माग फिरू लागले, आणि त्या मागावर आपल्या माणसाला हात लावायची मात्र बंदी होती. विणकाम खात्यात मजुरी जास्त. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगार तिथे चालत नसे. त्याला कमी पगाराच्या खात्यांत ठेवले जाई. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कामगारांच्या एकजुटीच्या गप्पा मारणाऱ्या पुढाऱ्यांची पंचाईत झाली. लाख व्होल्टच्या तारा डोंगर ओलांडून येऊ शकल्या, पण एका धाग्याचा विटाळ ओलांडता येईना. याला म्हणतात हिंदू समाजव्यवस्था.

याच काळात मुळशीचा सत्याग्रह झाला. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ च्या एप्रिलमध्ये मावळे बसले, सेनापती बापट तुरुंगात गेले. बाबासाहेब तेव्हा लंडनला शिकत होते. शेवटी धरण झालेच, १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. जमिनी घेतल्या गेल्या त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. आम्ही हा कायदा न्यायालयात पुष्कळ वापरला आहे. त्यात भरपाई ज्याचा जमिनीत कायदेशीर हितसंबंध त्याला. जो त्या जमिनीवर राबतो, मेलेली गुरे ओढतो, गावकी करतो, त्याचे सगळे जगणे गावाबरोबर बुडते, पण त्याला भरपाईच्या यादीत रकानाच नाही. ही उणीव पुसायला २०१३ च्या नव्या कायद्यापर्यंत थांबावे लागले.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ च्या मध्यापर्यंत राहिले. या चार वर्षांत कामगारांसाठी त्यांनी काय केले ते आपल्या लोकांना पाठ आहे. धनबादला कोळशाच्या खाणीत ते स्वतः उतरले होते, हेही. पण त्या खात्याच्या पोटात सिंचन आणि वीजही होती, हे कमी लोक सांगतात. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत युद्धोत्तर पुनर्रचनेच्या वीजविषयक समितीची बैठक झाली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब. त्यांनी त्या दिवशी सभेपुढे प्रश्न ठेवले ते वकिलाने मुद्दे निश्चित करावेत तसे. वीज खाजगी हातात असावी की सरकारच्या? खाजगी हातात द्यायचीच असेल, तर जनतेचे हित सांभाळायला कोणत्या अटी घालाव्यात? जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? आणि प्रांतांची असेल, तर स्वस्त आणि मुबलक वीज मिळेल अशी व्यवस्था कोण करणार? कारखानदारीशिवाय या देशाचे दारिद्र्य हटणार नाही आणि स्वस्त विजेशिवाय कारखानदारी होणार नाही, हा त्यांच्या मांडणीचा कणा होता.

यातून १९४४ मध्ये सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड उभे राहिले. त्याची गरज काय होती? वीज ही धान्यासारखी वखारीत भरून ठेवता येत नाही. क्षणात तयार, क्षणात खर्च. एका ठिकाणची जास्त झाली तर दुसरीकडे नेता आली पाहिजे, आणि नेण्यासाठी दोन्हीकडची वीज एका ठेक्यावर नाचणारी हवी. आजचा आपला ठेका सेकंदाला ५० आवर्तनांचा आहे. त्या वेळी कुठे एसी, कुठे डीसी, कुठे वेगळाच दाब. मुंबईची रेल्वे १९२५ साली विजेवर धावली ती १,५०० व्होल्टच्या डीसीवर, म्हणजे एसीची डीसी करून मगच गाडीला द्यायची. लांब न्यायची तर रोहित्राने दाब चढवायचा, कारण दाब चढला की तारेतला प्रवाह कमी होतो आणि तार तापून होणारी तूट वाचते. घराजवळ आली की पुन्हा उतरवायचा. प्रत्येक संस्थानाने, प्रत्येक कंपनीने आपापल्या मनाने हे केले, तर त्याला वीजजाळे म्हणत नाहीत. पाहणी करणारे, आकडे गोळा करणारे, प्रांतांना आराखडे देणारे तांत्रिक मंडळ केंद्रात हवे, ही त्यांच्या खात्याची भूमिका होती.

दामोदरची कथा याच वर्षांतली. १९४३ च्या जुलैत दामोदरला असा पूर आला की कलकत्त्याचा उरलेल्या देशाशी संबंध तुटला. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात बाबासाहेबांनी संबंधित सरकारांची बैठक घेतली. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या प्राधिकरणाचा नमुना समोर होता, तिथले अभियंता वूर्दुइन आराखड्यासाठी आणले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जलमार्ग, सिंचन व नौकानयनाचे केंद्रीय मंडळ अयोध्यानाथ खोसला यांच्या अध्यक्षतेखाली उभे राहिले. ८ नोव्हेंबरला कटकमध्ये ओरिसाच्या नद्यांवर परिषद झाली. तिथे त्यांनी पुरांविषयीचा जुना समजच उलटा केला. पाणी जास्त झाले हे संकट नव्हे, ते साठवता आले नाही हे संकट, असा त्यांचा मुद्दा होता. बांध घालून पाण्याला हाकलू नका, अडवा, त्याच पाण्याने शेत भिजवा, वीज करा, होड्या चालवा.

आता फलकाकडे येऊ. या कागदपत्रांवरून जे सिद्ध होते ते एवढे, की बहुउद्देशीय नदीखोऱ्यांचे धोरण, त्यासाठीच्या केंद्रीय संस्था आणि दामोदर, महानदी प्रकल्पांची सुरुवात यांत खात्याचे मंत्री म्हणून बाबासाहेबांचा वाटा मोठा आहे. हिराकुडची कोनशिला मार्च १९४६ मध्ये बसली, धरण पुरे झाले १९५७ मध्ये. दामोदर महामंडळाचा कायदा १९४८ चा, तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते आणि घटनेच्या मसुद्यात बुडालेले होते. धरणे त्यांनी बांधली असे म्हणणे म्हणजे खटला बळकट असताना खोटा साक्षीदार उभा करणे आहे. विरोधी वकील तेवढ्यावरच सगळी केस उडवतो, हा आमचा रोजचा अनुभव. बांधवांनो, खरे आहे ते पुरेसे मोठे आहे.

त्या हमालकाकांच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे, पण ते अर्धेच सुखाचे आहे. पानशेतचा निर्णय मुंबई राज्याचा. घटनेच्या सातव्या अनुसूचीत पाणी राज्यसूचीत आहे, वीज समवर्ती सूचीत, आंतरराज्य नद्यांचे नियमन संघसूचीत. बाबासाहेबांनी १९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिपद सोडले. तेव्हा ती जमीन त्यांच्या नावावर लिहिता येत नाही. मात्र मोठ्या जलाशयांच्या बाजूने ते ठामपणे उभे होते, हे आम्ही लपवणार नाही. त्या चार वर्षांतल्या त्यांच्या भाषणांत भर आहे तो पूर, दुष्काळ, वीज आणि कारखाने यांवर. बुडणाऱ्या गावावर त्या मानाने कमी. पण १९४७ चे त्यांचे स्टेट्स अँड मायनॉरिटीज वाचा. महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे, शेतजमीनही राज्याची, ती जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी द्यायची, म्हणजे जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूरही नाही. हा आराखडा घटनेत आला असता, तर धरणाखाली जाणाऱ्या गावात हितसंबंध नसलेला माणूसच उरला नसता. धोरणातली धरणे तेवढी उचलली गेली आणि जमिनीचा भाग फडताळात राहिला. हे कुणी केले? ज्यांच्या जमिनी होत्या त्यांनी.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. बरोबर तीन वर्षांनी, ६ डिसेंबर १९५९ रोजी, दामोदर खोऱ्यातल्या पंचेत धरणाचे उद्घाटन होते. पंतप्रधान नेहरूंनी कळ दाबायचा मान बुधनी नावाच्या पंधरा वर्षांच्या संथाळ मजूर मुलीला दिला. तिने नेहरूंना हार घातला होता, म्हणून तिच्या समाजाने तिला त्यांची बायको ठरवून वाळीत टाकले. १९६२ मध्ये तिची महामंडळातली नोकरीही गेली. पुढे ती परत मिळाली खरी, पण मधली वर्षे हालाखीत गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती वारली. तारीख तीच असणे हा योगायोग. बाकी काही योगायोग नाही.

दामोदरमधले तिलैया धरण १९५३ मध्ये सुरू झाले, त्याचे वीजघर फक्त ४ मेगावॉटचे. आजच्या सरकारी व्याख्येत २५ मेगावॉटपर्यंतचे सगळे लघु जलविद्युत, १०० किलोवॉटपर्यंतचे सूक्ष्म. म्हणजे पानशेत-वरसगावची यंत्रेही लघुच. आणि आमच्या मते पुढचा झगडा याच छोट्या टर्बाइनांवर आहे. नवीन गाव बुडवायचे नाही, जे पाणी शेतीला किंवा शहराला सोडायचेच आहे ते जाता जाता चाक फिरवून जाते. पूर्वी अडचण अशी होती की वाडीत दिवे बंद झाले की छोटे टर्बाइन बेफाम पळे आणि दाब-आवर्तन बिघडे. आता इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ती उरलेली वीज पाणी तापवणाऱ्या कॉइलकडे वळवतो आणि चाकावरचा भार कायम ठेवतो. किंवा कमीजास्त ठेक्याची एसी आधी डीसी करायची आणि इन्व्हर्टरने पुन्हा सरळ ५० आवर्तनांची करायची. आपल्या गाळ्यात वीज गेल्यावर बॅटरीवर जे चालते त्याचाच हा मोठा भाऊ. डोंगरातल्या ओढ्यावर वीस-पंचवीस घरांसाठी हे करता येते, शाळेत शिकलेली पोरे ते चालवू शकतात.

पण मालक कोण? २००५ च्या धोरणाने महाराष्ट्र सरकारने जलविद्युत प्रकल्प खाजगी भांडवलाला खुले केले. धरण जनतेच्या पैशाने, जमीन विस्थापितांची, पाणी सर्वांचे आणि पायथ्याचे चाक कंपनीचे. १९४३ च्या बैठकीतला पहिलाच प्रश्न पुन्हा उभा आहे, आणि तो विचारायला त्या खुर्चीवर कुणी नाही. प्रकल्पग्रस्तांच्या सहकारी संस्थेला अशा वीजघरावर पहिला हक्क का नको? पानशेतच्या विस्थापितांना तर पुनर्वसनाचा कायदाही नव्हता, राज्याचा पहिला कायदा १९७६ चा. २००३ च्या वीज कायद्याचे कलम ४३ सांगते की मागणाऱ्याला वीज देणे हे वितरकाचे कर्तव्य आहे. त्या कर्तव्यात कुणाच्या जमिनीवर वीज तयार होते याचा उल्लेख नाही.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला स्वतःला बोचते. १९४२ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात त्यांनी आपल्या मुलांना विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी सरकारी मदत मागितली, परदेशातल्या शिक्षणासाठीही. मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या त्यानंतर १९४४ पासून सुरू झाल्या. कला-कायद्याच्या पदव्यांपेक्षा या शिक्षणाची निकड त्यांना जास्त वाटत होती. आम्ही कायद्याचीच पदवी घेतली. टर्बाइनचे सूत्र आम्हाला चाळिशीत एका ओळखीच्या अभियंता मुलाकडून शिकावे लागले. तो मुलगा यार्डातल्याच एका तोलणाऱ्याचा.

हमालकाकांना हे सगळे तीन-चार बैठकांत सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि मग विचारले, की आमच्या गावाचे लोक जिथे उठवून बसवले त्या वसाहतीत वीज कोणत्या साली आली, हे कागदावर मिळेल का? आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज केला आहे. त्या वसाहतीत पहिली जोडणी कधी दिली, आणि धरणाच्या पायथ्याशी पहिले युनिट कधी तयार झाले, असे दोनच प्रश्न. पहिल्या कार्यालयाने अर्ज दुसऱ्याकडे पाठवला, दुसऱ्याने परत पहिल्याकडे. अपील दाखल झाले आहे. काका दर आठवड्याला पोती उतरवून झाली की तसेच घामेजलेले कार्यालयात येतात आणि तारीख विचारून जातात.

(लेखक पुणे येथे वकिली करतात.)